कर्करोग : समाजगटांतील तफावत व धोक्याची जाणीव

एकाच प्रदेशात राहणाऱ्या निरनिराळ्या समाजगटांत कर्करोगाचे प्रमाण, रोगग्रस्त अवयव, निदानाच्या वेळची रोगाची अवस्था आणि रोगामुळे होणारे मृत्यू यांबाबत जो फरक आढळतो, त्यास कर्करोगातील समाजगटनिहाय तफावत असे म्हणतात. समाजगट हा धर्म, जात, जमात, भाषा, व्यवसाय किंवा स्थलांतराचा इतिहास यांवरून ओळखला जातो. अशा गटातील माणसे रोगाचा धोका कितपत मोठा मानतात आणि त्यानुसार कसे वागतात, यास धोक्याची जाणीव अशी संज्ञा आहे. तफावत व जाणीव यांचा परस्परसंबंध निकटचा असून नागपूरमधील महाल व त्यालगतच्या जुन्या वस्त्यांत तो विशेष स्पष्टपणे दिसतो. तेथे रुग्णालये जवळ आहेत आणि मुखाचा कर्करोग उघड्या डोळ्यांनी दिसू शकणारा आहे. तरीही त्याचे निदान बहुधा उशिरा होते.

अभ्यासाचा इतिहास : समाजगटांच्या चालीरीती व कर्करोग यांचा संबंध भारतात प्रथम विशिष्ट सवयींच्या निरीक्षणातून ध्यानात आला. काश्मीरमध्ये थंडीच्या दिवसांत अंगरख्याखाली निखाऱ्यांची कांगडी धरण्याची रीत आहे. तेथे पोट व मांड्या यांच्या त्वचेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन एकोणिसाव्या शतकातच झाले होते. आंध्रच्या किनारपट्टीत चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढण्याच्या सवयीमुळे टाळूचा कर्करोग होत असल्याचे आढळले. गोव्यातील काही खेड्यांतही धुमटी अशाच उलट्या रीतीने ओढली जात असे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाची स्थापना १९४१ मध्ये झाली. तेथील विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर यांनी १९४० नंतरच्या दशकात मुखाच्या कर्करोगाच्या रुग्णांचा समाजगटवार अभ्यास केला. धोतर अथवा लुगडे कमरेस घट्ट कसल्याने वर्षानुवर्षे घर्षण होऊन तेथील त्वचेवर होणाऱ्या कर्करोगाकडेही त्यांनी लक्ष वेधले. मुस्लिम पुरुषांत शिश्नाचा कर्करोग अत्यंत विरळ असतो, हेही या काळातील अभ्यासांत दिसून आले. लहानपणी होणारी सुंता हे त्याचे कारण मानले जाते.

या निरीक्षणांतून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. या रोगांचे मूळ त्या त्या समाजाच्या रक्तात नसून चालीरीतीत होते. पेहराव बदलला तसा धोतराशी निगडित कर्करोग विरळ झाला. आनुवंशिक कारणे नाहीत असे नव्हे. परंतु एकूण कर्करोगांपैकी सु. ५ ते १० टक्केच प्रामुख्याने आनुवंशिक दोषांमुळे होतात. उरलेल्यांत तंबाखू, मद्य, आहार, संसर्ग, व्यवसाय, वयोमान आणि योगायोग यांचा वाटा मोठा असतो.

नोंदणी : रुग्णालयातील रुग्णांच्या संख्येवरून समाजातील रोगाचे प्रमाण ठरविता येत नाही. जो गट रुग्णालयात अधिक येतो त्याचे रुग्ण अधिक दिसतात. जो येत नाही त्याचा रोग अदृश्य राहतो. म्हणून विशिष्ट भूभागातील सर्व रुग्णांची नोंद करून ती तेथील लोकसंख्येशी ताडून पाहावी लागते. भारतातील अशी पहिली लोकसंख्याधिष्ठित नोंदणी डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने भारतीय कर्करोग संस्थेने १९६३ मध्ये मुंबईत सुरू केली. याच संस्थेने पुढे पुणे (१९७३), औरंगाबाद (१९७८) आणि नागपूर (१९८०) येथे नोंदणी केंद्रे उघडली. बार्शी येथे १९८७ मध्ये सुरू झालेल्या केंद्रामुळे ग्रामीण भागाचे चित्रही समोर आले.

मुंबईच्या नोंदणीत रुग्णाचा धर्म नोंदलेला असल्यामुळे धर्मगटवार तुलना शक्य झाली. पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर गटांपेक्षा अधिक आढळले. उशिरा होणारे विवाह, कमी अपत्ये व दीर्घ आयुर्मान ही त्याची संभाव्य कारणे सांगितली जातात. अग्नी पवित्र मानला गेल्यामुळे पारशांत धूम्रपान निषिद्ध समजले जाते व त्यांच्यात तंबाखूजन्य कर्करोग कमी आढळले. गर्भाशय ग्रीवेच्या कर्करोगाचे प्रमाण हिंदू स्त्रियांपेक्षा मुस्लिम व पारशी स्त्रियांत कमी होते. यावरून अल्पसंख्य असणे म्हणजे नेहमी अधिक धोक्यात असणे असा अर्थ होत नाही, हे स्पष्ट होते. एखादा गट एका रोगाच्या बाबतीत सुरक्षित व दुसऱ्याच्या बाबतीत असुरक्षित असू शकतो.

अशा तुलनेलाही मर्यादा असतात. धर्माच्या रकान्यात उत्पन्न, शिक्षण, व्यवसाय व घराची स्थिती दिसत नाही. एकाच धर्माच्या व्यापारी व विणकर कुटुंबांची सरासरी काढली, तर दोघांचेही खरे चित्र हरवते. नोंदणीचे प्रसिद्ध आकडे सामान्यतः संपूर्ण शहराचे असतात, मोहल्ल्याचे किंवा पेठेचे नसतात. त्यामुळे ज्या वस्तीत रोग अधिक असेल, ती वस्ती शहराच्या सरासरीत झाकली जाते.

महाल व जुने नागपूर : गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसविले. पुढे नागपूरकर भोसल्यांच्या काळात राजवाडे, देवळे, बाजार व कारागिरांच्या वस्त्या येथे वाढल्या. महाल हा या जुन्या शहराचा गाभा होय. त्याच्या आसपास इतवारी, हंसापुरी, मोमीनपुरा, गोळीबार चौक, पाचपावली, तांडापेठ इ. दाट वस्त्या आहेत. कोष्टी व मोमीन या दोन्ही समाजांतील विणकरांनी येथील हातमागाचा व्यवसाय अनेक पिढ्या चालविला; १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमुळे गिरणी कामगारांचा मोठा वर्ग निर्माण झाला. हातमाग व गिरणी या दोहोंना उतरती कळा लागल्यावर यांतील अनेक कुटुंबे रोजंदारी, वाहनचालन व किरकोळ विक्री यांकडे वळली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर नागपुरात बौद्धांची संख्या लक्षणीय झाली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराच्या लोकसंख्येत बौद्ध सु. १५·६ टक्के व मुस्लिम सु. १२ टक्के होते. गोंड व अन्य आदिवासी कुटुंबेही शहरात आहेत.

नागपूरच्या पुरुषांत मुखाचा कर्करोग हा अग्रस्थानी असलेला कर्करोग आहे, असे नोंदणीच्या अहवालांतून दिसते; स्त्रियांत स्तन व गर्भाशय ग्रीवा यांचे कर्करोग प्रमुख आहेत. मुखकर्करोगाचे हे अग्रस्थान धर्म वा जात यांच्या सीमा ओलांडणाऱ्या एका सवयीशी जोडलेले आहे. ती सवय म्हणजे खर्रा होय.

खर्रा व त्याचे परिणाम : सुपारीची भरड, तंबाखू, चुना व बहुधा कात यांचे मिश्रण प्लॅस्टिकच्या कागदात घालून घोटले, म्हणजे खर्रा तयार होतो. पश्चिम महाराष्ट्रात साधारणतः अशाच मिश्रणास मावा म्हणतात. विदर्भात तो पानठेल्यावर ग्राहकासमोर घोटून दिला जातो. खर्रा गालात किंवा ओठाआड धरून दीर्घकाळ चघळतात. त्यातील तंबाखूत नायट्रोसामाइने ही कर्कजनक द्रव्ये असतात. चुन्यामुळे मिश्रण क्षारीय होऊन निकोटीन लवकर शोषले जाते व श्लेष्मकलेस (तोंडाच्या आतील पातळ अस्तरास) इजा होते. सुपारीतील ॲरेकोलीन या अल्कलॉइडामुळे अस्तराखालील ऊतकात तंतूंची वाढ होऊन ते कडक बनते. या विकारास अधःश्लेष्म तंतुमयता असे म्हणतात. मुंबईच्या एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये त्याचे वर्णन केले होते.

‘तंबाखू वाईट, पण नुसती सुपारी निरुपद्रवी’ हा समज चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त विडा कर्कजनक असल्याचे १९८५ मध्येच जाहीर केले होते. सुपारी ही स्वतःच मानवात कर्कजनक असल्याचा निर्णय याच संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला.

मुखकर्करोगापूर्वी बहुधा काही पूर्वचिन्हे दिसतात. गालाच्या आत किंवा जिभेवर न पुसला जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, दोन ते तीन आठवड्यांत बरा न होणारा व्रण, गाठ आणि तोंड उघडण्यास होणारा अडथळा ही त्यांपैकी प्रमुख होत. निरोगी प्रौढाच्या तोंडात सामान्यतः स्वतःची तीन बोटे उभी मावतात. ती मावेनाशी होणे हे तंतुमयतेचे लक्षण असू शकते. तिखट सोसेनासे होणे हे पुष्कळदा पहिले लक्षण असते. सावजी रश्श्यासारखे झणझणीत जेवण नित्याचे असलेल्या या भागात तोंडाची आग ही मसाल्याची किंवा ‘उष्णतेची’ मानली जाते. मग रोगी तिखट सोडतो. खर्रा सोडत नाही.

धोक्याची जाणीव : माणूस धोक्याचे मोजमाप केवळ संख्येने करीत नाही. चाउन्सी स्टार या अमेरिकी अभियंत्याने १९६९ मध्ये असे दाखविण्याचा प्रयत्न केला की, लोक स्वेच्छेने पत्करलेला धोका लादलेल्या धोक्याच्या सु. हजारपट असला तरी सहन करतात. पॉल स्लोव्हिक या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये या विचाराची अधिक मांडणी केली. त्यांच्या मते जो धोका परिचित व स्वेच्छेचा असतो तो लहान वाटतो. जो अपरिचित, भयावह व स्वतःच्या ताब्याबाहेरचा असतो तो मोठा वाटतो.

हे तत्त्व लावून पाहिल्यास जुन्या नागपुरातील पुष्कळशा वर्तनाचा उलगडा होतो. खर्रा परिचित आहे. तो ओळखीच्या ठेल्यावर, मित्रांच्या संगतीत, थोड्या पैशांत मिळतो. रात्रपाळीत झोप येऊ नये, कामात भूक जाणवू नये, म्हणून तो खाल्ला जातो. म्हणजेच त्याचा लाभ तत्काळ मिळतो व हानी पंधरा-वीस वर्षांनी होते. जन्मभर तंबाखू खाऊन ऐंशी वर्षे जगलेला एखादा आजोबा प्रत्येक मोहल्ल्यात असतो व त्याचे उदाहरण दिले जाते. अकाली गेलेल्यांचे उदाहरण मात्र कोणी देत नाही, कारण त्यांचा रोग कित्येकदा शेजाऱ्यांपासून लपविलेला असतो. याउलट रुग्णालय अपरिचित व भयावह वाटते. ‘सुरी लागली की गाठ पसरते’ या समजुतीमुळे जीवोतक परीक्षा (ऊतकाचा लहान तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाने तपासणे) टाळली जाते. या परीक्षेमुळे मुखाचा कर्करोग पसरतो, या समजुतीस आधार नाही. कर्करोग संसर्गजन्य आहे या गैरसमजामुळे रोग्याचे ताट-पेला वेगळे ठेवले जातात. घरात उपवर मुली असल्यास रोगाचा उच्चारही टाळला जातो. अशा रीतीने रोगाहून निदानाचेच भय मोठे होते.

या वागण्यास केवळ अज्ञान म्हणणे योग्य नाही. मुखकर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर पुष्कळदा द्यावे लागणारे किरणोपचार सहा ते सात आठवडे, आठवड्यातील पाच दिवस चालतात. रोजावर जगणाऱ्या कुटुंबास याचा अर्थ दोन महिने मिळकत बंद आणि सोबत राहणाऱ्या आणखी एकाचीही मजुरी बुडणे असा होतो. ओळखीच्या घरातील रोगी बरा झाल्याचे कधी पाहिलेच नसेल, तर ‘उपचार करूनही माणूस जातोच’ हा निष्कर्ष त्यास अनुभवसिद्ध वाटतो. पण रोगी जातो तो पुष्कळ वेळा उशिरा आल्यामुळे. आणि तो गेला म्हणून पुढचाही उशिरा येतो. हे दुष्टचक्र सर्वच गरीब समाजगटांत आढळते. अल्पसंख्य व वंचित गटांत भाषेची अडचण, मिळणाऱ्या वागणुकीविषयीची शंका आणि कचेऱ्यांचा जुना कटू अनुभव यांची त्यात भर पडते. स्तन व गर्भाशय ग्रीवा यांच्या तपासणीस पुरुष डॉक्टर असल्यास अनेक स्त्रिया येत नाहीत. हा संकोच मुस्लिम स्त्रियांपुरता मर्यादित नाही. ‘हा रोग आमच्यात होत नाही’ असा समजही घातक ठरतो. एखाद्या गटातील कमी प्रमाण हे त्या गटातील प्रत्येक स्त्रीला दिलेले अभय नव्हे.

जवळचे रुग्णालय, दूरचा रोगी : तफावतीचे कारण म्हणून रुग्णालयाचे अंतर नेहमी सांगितले जाते. गडचिरोलीच्या आदिवासी गावांबाबत ते खरे आहे, महालबाबत नाही. १९४७ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मेयो या नावाने परिचित असलेले इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय ही सर्व शहरातच आहेत. मध्य प्रदेश व छत्तीसगढ येथूनही रुग्ण नागपूरला येतात. उपचारांच्या खर्चासाठी राज्यात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिबा फुले यांच्या नावे चालते. तरीही मुखकर्करोगाचे निम्म्याहून अधिक रुग्ण रोग पुढच्या अवस्थेत गेल्यावर येतात, ही देशभरची स्थिती येथेही आढळते. रुग्णालय व घर यांमधील खरे अंतर मैलांचे नसून जाणिवेचे, वेळेचे व विश्वासाचे असते, हे यावरून दिसते.

इतर देशांतील अनुभवही याच प्रकारचा आहे. अ. सं. सं. मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण कृष्णवर्णीय स्त्रियांत श्वेतवर्णीयांपेक्षा किंचित कमी असूनही त्यापासून होणारे मृत्यू सु. ४० टक्के अधिक आहेत. उशिरा निदान, विम्याचा अभाव व उपचारांतील विषमता ही त्याची प्रमुख कारणे असून अर्बुदाच्या जैव प्रकारांतील फरकाचाही त्यात वाटा आहे. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई कुटुंबांनी पान-तंबाखूची सवय बरोबर नेली व तिच्याबरोबर मुखकर्करोगाचा धोकाही नेला.

प्रतिबंधक उपाय : सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादनांविषयीच्या २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तींस तंबाखू विकण्यास आणि शैक्षणिक संस्थांपासून १०० यार्डांच्या आत तिची विक्री करण्यास मनाई करण्यात आली. तंबाखूच्या वेष्टनांवर सचित्र इशारे २००९ पासून आले व २०१६ मध्ये ते वेष्टनाच्या ८५ टक्के भागावर छापणे बंधनकारक झाले. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटखा व पानमसाला यांवर आणि २०१३ मध्ये सुगंधित तंबाखू व सुपारी यांवर बंदी घातली. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील तंबाखू सेवन करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २६·६ टक्के होते. धूरविरहित तंबाखू घेणारे २४·४ टक्के होते. तथापि खर्ऱ्याच्या बाबतीत या उपायांत एक मोठी फट राहते. खर्रा ठेल्यावर घोटला जातो व साध्या प्लॅस्टिकच्या कागदात बांधून मिळतो. ज्या डब्यातून तंबाखू निघते त्यावरील चित्र विक्रेत्यास दिसते. खाणाऱ्यास दिसत नाही. धोक्याची सर्वांत ठळक सूचना अशा रीतीने सर्वाधिक धोका असणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही.

शोधतपासणी : मुखकर्करोगाच्या शोधतपासणीस महागड्या उपकरणांची गरज नसते; पुरेसा उजेड व प्रशिक्षित डोळा पुरतो. १९९६ मध्ये केरळात तिरुअनंतपुरम येथे सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे तपासली. तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांत या तपासणीमुळे मुखकर्करोगाचे मृत्यू सु. एक तृतीयांशाने कमी झाल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून स्थानिक आरोग्य सेविकांकडून गर्भाशय ग्रीवेची व्हिनेगर लावून तपासणी केली गेली. तीमुळे त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तपासणारी व्यक्ती वस्तीला परिचित व तिची भाषा बोलणारी असल्यास लोकांचा प्रतिसाद वाढण्यास मदत होते. राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत तीस वर्षांवरील सर्वांच्या मुख, स्तन व गर्भाशय ग्रीवा यांच्या तपासणीची तरतूद आहे. परंतु २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात ३० ते ४९ वयोगटातील १ टक्क्यापेक्षा कमी स्त्रियांची व सु. १ टक्का पुरुषांचीच मुखतपासणी कधी तरी झाली होती.

समाजगटवार आकडे मांडताना एक दक्षता घ्यावी लागते. ‘अमुक समाजाचा रोग’ अशी छाप एकदा बसली की, त्या समाजास लाज वाटते व इतरांस खोटी निश्चिंती मिळते. दोन्हींचा परिणाम विलंबात होतो. गटवार माहितीचा योग्य उपयोग दोष देण्यासाठी नसून तपासणी कोठे, कोणत्या भाषेत व कोणत्या वेळी नेली पाहिजे हे ठरविण्यासाठी आहे. जेथे पुरुष दिवसा कामावर असतात तेथे सकाळचे शिबिर रिकामे राहते. तेच संध्याकाळी पानठेल्याच्या चौकात भरविले तर ज्यांची तोंडे पाहिली पाहिजेत तेच लोक समोर असतात. मुखाचा कर्करोग हा बहुतांशी टाळता येण्याजोगा आणि लवकर सापडल्यास बरा होण्याजोगा आहे. त्यामुळे त्यातील तफावत ही निसर्गाने ठरविलेली नसून बदलता येण्यासारखी आहे.